बाबांच्या तळपायाचा थर्मल फोटो लालभडक आलाय, आता काय करायचं?

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. बाबांचं वय ६८, शुगर १६ वर्षांपासून, पाय बधिर, मागच्या वर्षी उजव्या पायाला अंगठ्याच्या मुळाशी चवड्यावर जखम झाली होती ती भरायला चार महिने लागले. आता सोसायटीत एक कॅम्प झाला, तिथे थर्मल कॅमेऱ्याने दोन्ही तळपायांचा फोटो काढला, त्यात उजवा चवडा लाल-पांढरा आला आणि डाव्या पायाची बोटं निळी. तिथल्या माणसाने सांगितलं की रक्ताभिसरण बिघडलंय, आमचं पॅकेज घ्या. आणि तुम्ही विचारताय की यात खरं किती, आणि असला कॅमेरा घरी घेऊन ठेवावा का.

मी डायबेटिक फूटचं काम करतो, म्हणजे दिवसभर लोकांचे तळपाय बघणं हाच धंदा, आणि आमच्या ओपीडीत थर्मल कॅमेरा आहे, त्यामुळे मी यंत्राच्या विरोधात नाही हे आधीच सांगतो. पॅकेज घेऊ नका, कॅमेराही घेऊ नका. पण तो फोटो फेकूनही देऊ नका, कारण लाल झालेली जागा नेमकी जुन्या जखमेची आहे, आणि एकदा जखम होऊन भरलेल्या पायाला वर्षभरात पुन्हा जखम होण्याचं प्रमाण साधारण ४० टक्के आहे, तीन वर्षांत ते ६० च्या घरात जातं. म्हणजे बाबा सगळ्यात जास्त धोक्याच्या गटात आहेतच, त्यासाठी कॅमेऱ्याची गरज नव्हती. या आठवड्यात पाय दाखवून घ्या, तोपर्यंत फिरणं कमी करा. बाकीचं सगळं आता सावकाश सांगतो.

कॅमेऱ्याला रंग दिसत नसतात हे पहिलं लक्षात घ्या. त्वचेतून सतत इन्फ्रारेड किरण बाहेर पडत असतात, ८ ते १४ मायक्रोमीटरच्या पट्ट्यातले सेन्सर पकडतो, त्यावरून प्रत्येक ठिपक्याचं तापमान काढतो आणि मग सॉफ्टवेअर त्या आकड्यांना रंग फासतं. आणि बहुतेक कॅमेरे ऑटो स्केलवर असतात, म्हणजे फ्रेममध्ये जे सगळ्यात गरम ते पांढरं-लाल आणि जे सगळ्यात थंड ते निळं-काळं, मग गरम जागा ३१ ची असो नाहीतर ३६ ची. अख्खा वर्ग नापास झाला तरी पहिला नंबर कुणाचा तरी येतोच ना, तसं. एक-दीड अंशाचा फरक असला तरी ऑटो स्केलवर असा भडक फोटो येतो की बघणाऱ्याची झोप उडावी, आणि कॅम्पवाल्यांना ते सोयीचंच असतं. फोटोच्या कडेला रंगांची एक उभी पट्टी असते, तिच्या वर आणि खाली दोन आकडे असतात, ते आधी बघा. ते आकडेच छापलेले नसतील तर तो फोटो म्हणजे नुसतं चित्र. आम्ही स्केल लॉक करून ठेवतो, समजा २२ ते ३६, प्रत्येक पेशंटला तेच आणि प्रत्येक वेळी तेच, तरच मागच्या महिन्याच्या फोटोशी आजचा फोटो ताडून बघता येतो.

दुसरी गोष्ट, फोटो कसा काढला ते आठवा. बाबा चालत आले, चप्पल काढली, खुर्चीवर बसले आणि लगेच क्लिक, असंच झालं असणार, कॅम्पात वेळ कुणाला असतो. खरं तर मोजे-चप्पल काढून, पाय फरशीला न टेकवता, पंखा थेट पायावर नसताना किमान १०-१५ मिनिटं बसवायला लागतं, खोली शक्यतो २२ ते २४ अंशांवर. चालून आलेला तळपाय गरमच असतो, आणि जो माणूस उजव्या पायावर जास्त भार देऊन चालतो त्याचा उजवा जास्त गरम असतो. थंड फरशीवर अनवाणी उभं राहून आला असेल तर बोटं निळी येणार, तेल चोळून आला असेल, पाय शेकून आला असेल तर अजून काहीतरी तिसरंच दिसणार.

निळ्या बोटांबद्दल जरा वेगळं सांगायला हवं कारण तिथेच सगळ्यात जास्त फेकाफेक चालते. बोटं शरीराच्या टोकाला असतात, ती तळव्याच्या मधल्या भागापेक्षा थंड असणं यात काही विशेष नाही. एका पायाची बोटं दुसऱ्यापेक्षा बरीच थंड असतील आणि चांगलं बसवून ठेवल्यावरही तशीच दिसत असतील तर रक्तपुरवठ्याची शंका घ्यायची, बरोबर आहे, पण ती शंका कॅमेऱ्याने मिटत नाही. त्यासाठी पायाच्या वरच्या बाजूची आणि घोट्यामागची नाडी हाताने बघायची, डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणारं यंत्र, लावायचा, घोट्याचं आणि हाताचं बीपी ताडून एबीआय काढायचा, आणि जुन्या शुगरवाल्यांच्या धमन्यांमध्ये कॅल्शियम साचून त्या कडक झालेल्या असतात म्हणून एबीआय खोटाच चांगला येऊ शकतो, तेव्हा अंगठ्याचं प्रेशर घ्यायचं. याच्या उलटही होतं, आणि ते जास्त फसवं. घाम आणि रक्तवाहिन्या सांभाळणाऱ्या नसा शुगरने खराब झाल्या की त्वचेजवळचे छोटे बायपास उघडेच राहतात, रक्त पेशींपर्यंत न पोचता वरच्यावर फिरून परत जातं, पाय कोरडा आणि गरम लागतो, कॅमेऱ्यात छान लाल-पिवळा दिसतो, आणि आत पेशी उपाशी. म्हणजे लाल म्हणजे चांगलं रक्ताभिसरण आणि निळं म्हणजे वाईट, हे समीकरण दोन्ही बाजूंनी चुकतं.

मग थर्मल कॅमेऱ्याचा उपयोग तरी काय? उपयोग आहे, आणि तो समजायला थोडं मागे जावं लागतं. डॉ. पॉल ब्रँड म्हणून एक सर्जन होते, जन्म १९१४ चा, आपल्या इथलाच, तमिळनाडूतल्या कोल्ली टेकड्यांमधला. १९४६ पासून ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर काम करत होते. तेव्हा समजूत अशी होती की कुष्ठरोगात मांस आपोआप सडतं आणि बोटं झडतात. त्यांनी दाखवून दिलं की तसं नाही, वेदना कळत नाही म्हणून माणूस त्याच जागेवर पुन्हा पुन्हा भार टाकत राहतो, आणि त्याने जखम होते. आपल्याला बूट चावला की आपण नकळत लंगडतो, पाय वाकडा टाकतो, थांबून बघतो, यांना ते काहीच होत नाही. पुढे १९६६ मध्ये ते अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे उंदरांच्या तळव्यांवर रोज थोडा थोडा दाब देऊन बघितलं तर आधी सूज येते, जागा गरम होते, आणि तसंच चालू ठेवलं की काही दिवसांनी कातडी फुटते. म्हणजे जखम अचानक होत नाही, तिच्या आधी उष्णता येते. पेशंटच्या तळव्यावरून हात फिरवून गरम जागा शोधायची, हे त्यांचं रोजचं तंत्र होतं आणि पुढे त्यांनी त्यासाठी थर्मोग्राफीही वापरली. आज आपल्याकडे शुगरवाल्यांना जी मऊ रबराची एमसीआर चप्पल देतात तीही कुष्ठरोगाच्याच कामातून आलेली आहे.

शुगरच्या बधिर पायात हेच सगळं घडतं, फक्त पेशंटची संख्या प्रचंड. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीत देशात मधुमेही १०.१ कोटी असल्याचा अंदाज आला. आणि आपल्याकडे अजून एक अडचण असते जी गोऱ्या कातडीवर लिहिलेल्या पुस्तकांत येत नाही, सावळ्या त्वचेवर सुरुवातीची लाली पटकन दिसतच नाही, तळव्याला तर भेगा आणि जाड कातडी, त्यातून काय लाली दिसणार. इन्फ्रारेडला मात्र त्वचेच्या रंगाशी देणंघेणं नसतं, गोरी असो काळी असो एमिसिव्हिटी, म्हणजे किरण बाहेर टाकण्याची क्षमता, ०.९८ च्या आसपासच. उष्णता मोजण्याचा हा फायदा मला खरोखर मोठा वाटतो.

आता कळीचा आकडा, २.२ अंश सेल्सिअस. मूळ अभ्यास अमेरिकेतले, तिकडे ४ अंश फॅरनहाइट धरले होते, त्याचे हे २.२ झाले. उजव्या पायाची एक जागा आणि डाव्या पायाची तीच जागा, यांच्यात २.२ पेक्षा जास्त फरक सलग दोन दिवस आला तर धोका समजायचा. २००७ च्या एका अमेरिकन अभ्यासात आधी जखम होऊन गेलेले १७३ जण होते, १५ महिने बघितलं, नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी २९ टक्क्यांना पुन्हा जखम झाली आणि रोज घरी तापमान मोजणाऱ्यांत ८.५ टक्क्यांना. एवढा फरक बघून सगळेच खूश झाले होते. पण हे लोक घरी कॅमेरा वापरत नव्हते, साधा, त्वचेला टेकवायचा थर्मामीटर वापरत होते, आणि जागा गरम आली की चालणं कमी करून नर्सला फोन करायचा असं त्यांना शिकवलेलं होतं.

मग २०२१ मध्ये नेदरलँड्सचा मोठा अभ्यास आला, ३०४ लोक, १८ महिने, आणि तिथे एकूण गटात तितका ठोस फायदा दिसला नाही. जखमा थोड्या कमी झाल्या पण आकडेशास्त्राच्या हिशोबात तो फरक योगायोगही असू शकतो इतकाच. पण त्याच अभ्यासात एक बारीक गोष्ट निघाली, ज्यांच्या पायावर गरम जागा सापडली आणि ज्यांनी त्यानंतर खरंच चालणं कमी केलं, त्यांना पुन्हा जखमा लक्षणीय कमी झाल्या. आणि गरम जागा सापडलेल्यांपैकी चालणं कमी करणारे होते तीसेक टक्के, बाकीचे मोजत होते आणि चालतही होते. इंग्लंडमध्येही जास्त धोक्याच्या पेशंटना महिन्यातून एकदा क्लिनिकमध्ये बोलावून चांगल्या कॅमेऱ्याने फोटो काढून बघितले, त्याने जखमा कमी झाल्या नाहीत. का होतील? महिन्यातले बाकीचे एकोणतीस दिवस पाय चालतोच आहे.

म्हणून माझं मत असं झालंय की मोजण्यापेक्षा मोजल्यावर काय करता यावर सगळं आहे. आंतरराष्ट्रीय डायबेटिक फूट गटाच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हेच आहे, मध्यम आणि जास्त धोक्याच्या लोकांना दिवसातून एकदा घरी तापमान मोजायला शिकवण्याचा विचार करा, सलग दोन दिवस २.२ च्या वर गेलं तर चालणं कमी करा आणि दाखवा. सरसकट सगळ्या शुगरवाल्यांनी करा असं त्यात नाहीये. ज्याला बधिरपणा नाही, नाडी चांगली लागते, त्याने वर्षातून एकदा पायाची नीट तपासणी करून घेतली तरी पुरे. बाबांची गोष्ट वेगळी, त्यांना दर एक ते तीन महिन्यांनी पाय दाखवायलाच हवेत.

घरी कसं करायचं ते सांगतो. मोबाइलला जोडायचे थर्मल कॅमेरे मिळतात, किंमत हजारांत, पण चांगली पन्नासएक हजारांपर्यंत जाऊ शकते, आणि घरी त्याची गरज नाही. हजार-दोन हजारांत मिळणारा इन्फ्रारेड थर्मामीटर पुरतो. कोरोनात घेतलेली कपाळावर धरायची गन घरात पडून असेल तर तीही चालू शकते, पण एक मेख आहे, ती बॉडी मोडवर असली की कपाळाच्या आकड्यात स्वतःचं गणित करून शरीराचं तापमान दाखवते, आणि पाय साधारण २७-३१ चा असतो म्हणून बऱ्याचदा नुसतं 'लो' दाखवते आणि लोक घाबरतात की पायात जीवच नाही. तिला सरफेस किंवा ऑब्जेक्ट मोडवर टाका, तसा मोड नसेल तर ती कपाळासाठीच राहू द्या. कारखान्यात वापरतात ती लेझरवाली गन असेल तर लक्षात ठेवा की लेझरचा लाल ठिपका म्हणजे मोजण्याची जागा नव्हे, मोजलं जाणारं वर्तुळ त्याच्या जरा बाजूला आणि बरंच मोठं असतं, लांबून धरलं तर अख्खा चवडा आणि मागची चादर दोन्हीची सरासरी निघते. जवळ धरा, कंपनीने सांगितलेल्या अंतरावर, आणि दोन्ही पायांना तेच अंतर ठेवा. यंत्र अर्धा-एक अंश चुकीचं दाखवत असेल तरी काळजी करू नका, दोन्ही पायांना तेवढंच चुकीचं दाखवेल, आणि आपल्याला फरकच हवाय.

वेळ सकाळची, उठल्यावर, आंघोळीच्या आणि फिरण्याच्या आधी. पांघरुणातून पाय बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटं तसेच ठेवायचे, कारण एक पाय पांघरुणात आणि एक बाहेर असं झोपलेलं असतं माणूस. जागा सहा, अंगठा, अंगठ्याच्या मुळाशी चवडा, मधल्या बोटाच्या मुळाशी, करंगळीच्या मुळाशी, तळव्याचा मधला भाग आणि टाच. बाबांना स्वतःला वाकून जमणार नाही, नजरही कमी असेल, घरच्या कुणीतरी करायचं. वहीत लिहायचं, समजा सोमवारी अंगठा उजवा ३०.१ डावा २९.८, काही नाही. अंगठ्याखालचा चवडा उजवा ३२.९ डावा ३०.२, फरक २.७, खूण करा आणि त्या दिवशी बाहेरचं फिरणं रद्द. मंगळवारी तीच जागा ३२.६ आणि ३०.१, फरक २.५. दोन दिवस झाले, आता फोन करायचा. आणि उलट मंगळवारी फरक १.१ वर आला तर बहुतेक आदल्या दिवशी जास्त चालणं झालं असेल किंवा पाय कशाला तरी टेकला असेल, मोजत राहा.

चालणं कमी करणं म्हणजे काय, यावर घरात भांडणं होतात म्हणून स्पष्ट सांगतो. मॉर्निंग वॉक बंद, देवळात जाणं बंद, भाजी आणायला जाणं बंद, जिन्याची चढउतार कमीत कमी, घरात अनवाणी अजिबात नाही, रात्री बाथरूमला जातानाही नाही. ज्यांना बसून करता येतो तो हाताचा, खांद्याचा व्यायाम चालू ठेवा, शुगरची काळजी असेल तर डॉक्टरांशी बोलून औषध जुळवून घ्या. हातात ते घड्याळ आणि रोज दहा हजार पावलं पूर्ण करायचीच हा जो नाद आहे ना, तो बधिर पायाच्या माणसाला कुणी लावला असेल तर आधी ते घड्याळ कपाटात ठेवा. शुगरला चालणं चांगलं हे बरोबर, पण जागा गरम झालेली असताना नाही. फरक २.२ च्या खाली येऊन तसाच राहिला की हळूहळू चालणं वाढवायचं. दरम्यान चप्पल तपासा, आत हात घालून, खिळा वर आलाय का, आतला थर चेपून तिथे खड्डा झालाय का, खडा अडकलाय का, अंगठ्याची पट्टी कुठे घासते का. बऱ्याच वेळा कारण तिथेच सापडतं.

आणि जे करायचं नाही ते: गरम जागेवर बर्फ लावू नका, मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवू नका, बधिर पायाला पाणी किती गरम आहे ते कळत नाही आणि सालटं निघून येतात. कॉर्न कॅप नको, त्यात ॲसिड असतं. घट्टा ब्लेडने घरी कापायचा नाही. हळद, चुना, कुणी दिलेला लेप यातलं काही नको.

घट्ट्यावरून आठवलं. जाड घट्टा उष्णता अडवतो, त्यामुळे खाली दाह चालू असला तरी वरून तापमान कमी दिसू शकतं. टोकियोच्या संशोधकांनी शुगरवाल्यांच्या घट्ट्यांवर थर्मोग्राफी आणि सोनोग्राफी दोन्ही केलं तेव्हा वरून काहीच न दिसणाऱ्या काही घट्ट्यांखाली दाह सापडला होता. आमच्याकडे घट्टा साफ केल्यावर त्या जागेचं तापमान पुन्हा घेतो, आणि कधीकधी घट्ट्याखाली जखम तयारच असते. तुमच्या बाबांना जुन्या जखमेच्या जागी घट्टा झाला असेल तर आधी तो दवाखान्यात काढून घ्या आणि मग घरचं मोजमाप सुरू करा.

अजून कुठे फसायला होतं? दोन्ही पायांना एकाच जागी दाह असेल तर फरक शून्य दिसतो आणि सगळं ठीक वाटतं. एक पाय आधीच कापलेला असेल तर तुलना करायला दुसरी बाजूच नाही, मग त्याच पायाच्या आजूबाजूच्या जागांशी आणि त्याच जागेच्या आधीच्या आकड्यांशी तुलना करायची. एका पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर तो थंड, आणि धडधाकट पाय उगीच गरम वाटतो, म्हणजे काळजी करायची ती नेमकी दुसऱ्या पायाची असते. आणि रक्तपुरवठा फार कमी असलेल्या पायात इन्फेक्शन झालं तरी पाय तापेलच असं नाही. म्हणून डोळ्याने बघणं सुटत नाही, बोटांच्या बेचक्यात, टाचेच्या भेगांत, नखांच्या कडेला, रोज. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा किंवा मुलाला मोबाइलवर साधा फोटो काढायला सांगा.

एका बाबतीत मात्र तापमान मोजणं मला जवळजवळ अपरिहार्य वाटतं, ते म्हणजे शारको फूट. यात बधिर पायाची हाडं-सांधे आतून ढासळायला लागतात, पाय सुजतो, गरम होतो, आणि पेशंट सांगतो की फारसं दुखत नाही. जखम नाही, ताप नाही, सुरुवातीचा एक्स-रे बऱ्याचदा नॉर्मल. असा पाय गाऊट, सेल्युलायटिस (त्वचेखालचं इन्फेक्शन), मुरगळणं अशा नावाखाली आठवडेच्या आठवडे औषधं खात फिरत असतो. पन्नाशीच्या एक बाई आल्या होत्या, शेतात काम करणाऱ्या, डावा पाय घोट्यापासून खाली सुजलेला, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झालेले, आणि चालत आल्या होत्या. डाव्या पायाच्या मधल्या भागाचं तापमान उजव्यापेक्षा चार अंशांनी जास्त. एमआरआयला पाठवलं आणि त्याच दिवशी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं, भार पसरवणारं, ज्याला आम्ही टोटल कॉन्टॅक्ट कास्ट म्हणतो. प्लास्टर बदलताना दर वेळी तापमान घ्यायचं, फरक दोनच्या खाली उतरला, तिथे टिकला आणि सूज गेली की मगच प्लास्टर काढण्याचा विचार. याला महिने लागतात. बाई वैतागल्या, घरचे वैतागले, पेरणी गेली, पण पायाचा आकार राहिला. शारकोत उशीर झाला तर तळव्याची कमान खाली बसते, पाय खालून फुगीर होतो आणि मग त्या फुगवट्यावर आयुष्यभर जखमा. म्हणून बधिर पाय एका बाजूने सुजला आणि गरम झाला, दुखत नसलं तरी, त्यावर एक पाऊलही न टाकता दाखवायला या.

तुम्ही शेवटी विचारलंय की परदेशात थर्मल चटई मिळते आणि आता एआय फोटो बघून सांगतं, त्याचं काय. चटईवर रोज वीसेक सेकंद उभं राहायचं, ती दोन्ही तळव्यांचं तापमान घेऊन माहिती पाठवते. २०१७ चा अभ्यास आहे, १२९ जण, ३४ आठवडे, २.२ ची मर्यादा ठेवली तर ९७ टक्के जखमा आधीच पकडल्या गेल्या आणि सरासरी ३७ दिवस आधी. ऐकायला झकास, पण खोट्या घंटाही, म्हणजे जखम होणार नसताना दिलेले इशारे, ५७ टक्के. मर्यादा ३.२ वर नेली की खोट्या घंटा ३२ वर येतात पण पकडल्या जाणाऱ्या जखमाही ७० टक्क्यांवर उतरतात. याचा घरच्यासाठी अर्थ एवढाच की फरक आला म्हणून लगेच रडारड नको, पण चार दिवस चालणं कमी केल्याने कुणाचं नुकसानही होत नाही. आणि एआयचं म्हणाल तर इंजिनिअरिंगची मुलं फायनल इयरचे प्रोजेक्ट घेऊन येतात माझ्याकडे, उत्साही असतात, अचूकता नव्वदच्या वर म्हणून सांगतात. पुष्कळ जणांचा डेटा एकच असतो, मेक्सिकोतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये खुला केलेला, १२२ मधुमेही आणि ४५ निरोगी लोकांचे तळपाय. त्यावर शिकलेला प्रोग्रॅम काय ओळखतो तर हा पाय मधुमेह्याचा आहे की नाही. ते तर बाबांच्या रिपोर्टवर लिहिलेलंच आहे. या पायाला पुढच्या महिन्यात जखम होणार का, हे कळण्यासाठी त्याच पायांचे महिनोन्महिने फोटो आणि शेवटी कुणाला जखम झाली याची नोंद लागते, आणि ते काम वेळखाऊ आहे.

तर आता तुमचं. कॅम्पचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर त्यातल्या पट्टीचे आकडे बघून ठेवा. या आठवड्यात डायबेटिक फूट बघणाऱ्या कुणाकडे तरी जा, तिथे मोनोफिलामेंटने, म्हणजे नायलॉनच्या बारीक तारेने, स्पर्श, ट्यूनिंग फोर्कने कंपन, दोन्ही पायांच्या नाड्या आणि एबीआय एवढं व्हायला हवं, आणि हे करायला कॅमेरा लागत नाही. पॅकेजचे पैसे वाचतील त्यात एक चांगली मापाची चप्पल होईल. तोपर्यंत जुन्या जागी पाणी भरलेला फोड, काळा किंवा निळसर डाग, मोज्यावर ओल, वास, वर चढत जाणारी लाली, थंडी वाजून ताप, काही कारण नसताना शुगर तीनशेच्या पुढे, किंवा एक पाय अचानक थंडगार आणि पांढरा, यातलं काहीही दिसलं तर आठवडा थांबायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल, रविवार असला तरी. आणि येताना बाबा रोज जी घालतात ती चप्पल आणा, चांगली जपून ठेवलेली नको, ती झिजलेलीच आणा, आणि आकड्यांची वही आणा, दोन-चार दिवसांची असली तरी चालेल.